कटिमा मुलिलो : दूर, पण कोणापासून?

१९९४ ते २०१७ या काळात नामिबियात दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घ्यायचे आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा पुढे करायचे. अख्ख्या देशात हा नेम होता, एक कोपरा सोडून. ईशान्येच्या कॅप्रीव्ही प्रांताला कायद्यानंच त्यातून वगळलेलं होतं. त्यामुळे या प्रांताचं मुख्य ठिकाण असलेलं कटिमा मुलिलो हिवाळाभर राजधानी विंडहुकच्या तासभर पुढे असायचं. नदीपलीकडच्या झांबियाशी आणि दक्षिणेच्या बोट्स्वानाशी मात्र त्याचं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळायचं. सूर्य तिथे लवकर उगवतो आणि गावाचे रोजचे व्यवहार शेजाऱ्यांशी आहेत, एवढं साधं कारण त्यामागे होतं.

मला या गावाच्या प्रकरणाची गुरुकिल्ली या घड्याळात दिसते. कटिमाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात ‘दुर्गम’ हा शब्द हटकून येतो. विंडहुकहून तिथं जायला रस्त्यानं सुमारे बाराशे किलोमीटर पडतात, म्हणजे मुंबईहून नागपूर गाठायचं आणि पुन्हा निम्मी वाट मागे यायचं. पण गावात उभं राहून पाहिलं तर पलीकडच्या काठावर झांबियाचं सेशेके आहे. बोट्स्वानाचा न्गोमा नाका तासाभराच्या अंतरावर, अंगोला आणि झिम्बाब्वे दोन-तीन तासांच्या टप्प्यात. लिव्हिंगस्टन शहर दोनशे किलोमीटरवर, आणि झांबियाची राजधानी लुसाका स्वतःच्या राजधानीच्या जवळपास निम्म्या अंतरावर. हे गाव दूर आहे ते फक्त ज्या सरकारच्या हाताखाली ते येतं त्या सरकारपासून. बाकी सगळ्यांच्या ते जवळ आहे. इथली बहुतेक दुखणी या एका गोष्टीतून निघालेली आहेत, आणि बरीचशी मिळकतही.

रेघ कशी पडली

१ जुलै १८९० रोजी ब्रिटन आणि जर्मनीनं एक तह केला. उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड बेट जर्मनीला, झांजिबारवरचा वरचष्मा ब्रिटनला, असा तो मोठा सौदा होता. त्याच्या तिसऱ्या कलमात एक ओळ घातली गेली : जर्मन नैऋत्य आफ्रिकेला, म्हणजे आजच्या नामिबियाला, झांबेझी नदीपर्यंत पोहोचायला एक पट्टा मिळेल आणि तो कुठेही वीस इंग्रजी मैलांपेक्षा अरुंद असणार नाही. तेव्हा जर्मनीचे चान्सलर होते लिओ फॉन कॅप्रीव्ही. पट्ट्याला त्यांचं नाव मिळालं. त्यांनी तो कधी पाहिला नाही.

नकाशावर आजही ते वीस मैल दिसतात. सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब आणि सर्वांत चिंचोळ्या जागी बत्तीस किलोमीटर रुंद असा पट्टा अंगोला आणि बोट्स्वानाच्या मधून पूर्वेकडे घुसतो. मागचा हिशेब असा की झांबेझीतून होड्या हाकत हिंदी महासागर गाठता येईल. पण डेव्हिड लिव्हिंगस्टननं १८५५ सालीच व्हिक्टोरिया धबधबा पाहिला होता. शंभर मीटरहून खोल कोसळणारं ते पाणी या पट्ट्याच्या टोकापासून फार दूर नाही. धबधब्याच्या खालीही मोझांबिकमध्ये काहोरा बासाचे खळाळ होते. एवढंच कशाला, खुद्द कटिमापाशी नदी खडकांवरून उसळत जाते. सिलोझी भाषेत ‘कटिमा मुलिलो’ म्हणजे ‘आग विझवणारी’. होडीत मडक्यात निखारे घेऊन निघालेल्या माणसाचे निखारे इथल्या खळाळात भिजून विझत, म्हणून हे नाव पडलं अशी समजूत आहे. ज्या नदीवरून साम्राज्याची वाहतूक करायची स्वप्नं पाहिली गेली, तिचा स्वभाव काठच्या माणसांनी गावाच्या नावातच सांगून ठेवला होता.

जर्मनांनी पट्टा घेतला आणि जवळजवळ एकोणीस वर्षं तिकडे फिरकलेही नाहीत. १९०९ मध्ये कुर्ट श्ट्राइटवोल्फ नावाचा अधिकारी येऊन पोहोचला आणि नदीकाठच्या पुराच्या जमिनीत त्यानं ठाणं वसवलं. गव्हर्नरच्या नावावरून त्याचं नाव शुकमान्सबुर्ग. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांच्या ऱ्होडेशियाचे पोलीस आले आणि एक गोळीही न झाडता ठाणं ताब्यात घेऊन मोकळे झाले.

नंतरचा कारभाराचा इतिहास म्हणजे नुसती टोलवाटोलवी आहे. १९२२ पासून काही वर्षं हा भाग बेचुआनालँडकडून, म्हणजे आजच्या बोट्स्वानाकडून चालवला गेला. १९२९ मध्ये तो विंडहुकच्या प्रशासनाकडे आला. दहा वर्षांत विंडहुकनं हात टेकले. पावसाळ्यात तिथं पोहोचताच येत नाही, ही अडचण होती. १९३९ पासून पट्ट्याचा पूर्व भाग थेट दक्षिण आफ्रिकेतून, प्रिटोरियातून चालू लागला. त्याआधी १९३५ मध्ये मुख्य ठाणं पुराच्या शुकमान्सबुर्गहून उचलून कटिमाच्या उंच काठावर आणलं होतं. तिथले मॅजिस्ट्रेट मेजर ट्रोलोप यांनी एका पोकळ गोरखचिंचेच्या खोडात दार बसवून संडास करून घेतला. ते झाड आजही सरकारी कचेऱ्यांच्या परिसरात उभं आहे आणि प्रवासी त्याचे फोटो काढतात. मला त्या झाडाकडे पाहून दुसरंच सुचतं. शेकडो मैलांवरच्या कचेरीनं नेमलेला एक माणूस, वर्षातले कित्येक महिने रस्ता बंद, आणि हाताशी जे आहे त्यातच सगळं भागवायचं. या जिल्ह्याचा कारभार कितीतरी वर्षं याच पद्धतीनं झाला.

१९३९ ची ही फारकत पुढे महागात पडली. चाळीस वर्षं एखादा भाग वेगळ्या राजधानीतून चालला, की तिथल्या माणसाला ‘आम्ही तुमचे कधी होतो?’ असं विचारायला कागदोपत्री आधार मिळतो.

नदीची माणसं

पूर्व कॅप्रीव्हीत मुख्यतः मासुबिया आणि माफ्वे हे दोन समाज, शिवाय मायेयी आणि इतर. घरी प्रत्येकाची बोली वेगळी. बाजारात, चर्चमध्ये, शाळेत आणि रेडिओवर मात्र सिलोझी. ही झांबेझीच्या वरच्या अंगाच्या लोझी राज्याची भाषा. तिचं मूळ दक्षिणेच्या सोथो भाषेत आहे. एकोणिसाव्या शतकात सेबित्वानेच्या नेतृत्वाखाली माकोलोलो लोक दक्षिणेतून इथवर आले आणि त्यांनी लोझींवर राज्य केलं. १८५१ मध्ये लिव्हिंगस्टन सेबित्वानेला भेटला तो याच परिसरात. १८६४ मध्ये माकोलोलोंची सत्ता उलथली, पण त्यांची भाषा राहिली. तीच सिलोझी पलीकडच्या झांबियातही बोलली जाते. म्हणजे कटिमाच्या माणसाला सेशेकेच्या बाजारात दुभाष्या लागत नाही, आणि विंडहुकच्या कचेरीत त्याची ही भाषा कोणाला कळत नाही.

नात्यागोत्यांचंही तसंच. मामा अलीकडे, आत्या पलीकडे. नदी ओलांडून लग्नाला जायचं, मयताला जायचं. सरहद्द आखली गेली म्हणून हे थांबलं नाही, फक्त त्याला शिक्का लागू लागला.

आणि पूर. अंगोला आणि झांबियाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस इथं उतरायला आठवडे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये, स्थानिक पाऊस सरत आला की नदी फुगते आणि पूर्वेची सपाट जमीन पाण्याखाली जाते. वस्त्या बेटं होतात. एका झाडाच्या खोडातून कोरलेले डोंगे बाहेर निघतात. गुरं उंचवट्यावर हलवली जातात. पाणी ओसरलं की त्याच गाळात मका पेरायचा. पूर म्हणजे संकट आणि पूर म्हणजे खत, दोन्ही खरं. नदीच्या वरच्या अंगाला बारोत्सेलँडमध्ये तर लोझी राजा पुराच्या दिवसांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नावेतून कोरड्या राजधानीकडे निघतो आणि त्याचा मोठा उत्सव होतो. पण २००९ सारखी वर्षंही येतात. त्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष पोहाम्बांना उत्तरेच्या सहा प्रांतांत आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि पूर्वेच्या गावांतले लोक, शाळेची पोरं तंबूत राहिली.

गावाच्या सीमानाक्याचं नाव वेनेला. हे नाव नदीचं नाही, गावाचं नाही, कुठल्या राजाचंही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींना मजूर पुरवणारी विटवॉटर्सरँड नेटिव्ह लेबर असोसिएशन नावाची संस्था होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार करता करता ‘वेनेला’ झालं. तिची भरतीची छावणी इथं होती. इथली तरणी माणसं तिथून खाणींकडे रवाना व्हायची. छावणी गेली, नाव नाक्याला चिकटून राहिलं. आजही पासपोर्टवर शिक्का मारायला माणूस त्या नावाखालूनच जातो.

२ ऑगस्ट १९९९

साठ-सत्तरच्या दशकांत कटिमा ही दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराची आघाडीची छावणी झाली. १९७२ मध्ये पूर्व कॅप्रीव्हीला वर्णभेदी राजवटीनं ‘स्वशासित’ होमलँड केलं. २३ ऑगस्ट १९७८ रोजी पलीकडून आलेलं रॉकेट बराकीवर पडून दहा दक्षिण आफ्रिकी सैनिक ठार झाले, आणि उत्तरादाखल सेशेकेवर तोफा डागल्या गेल्या. १९९० मध्ये नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. छावणी उठली, तसा गावाचा लष्करावर चालणारा पैसाही गेला. तो भरून काढायला नवं सरकार आलं नाही, अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येऊ लागली.

या तक्रारीला पुढारी मिळाला मिशाके मुयोंगो. त्यांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९६४ मध्ये कॅप्रीव्हीच्या लोकांचा कानू हा पक्ष नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापोमध्ये विलीन झाला. मुयोंगो स्वापोचे उपाध्यक्ष झाले. १९८० मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं. पुढे ते डीटीए या विरोधी पक्षाचे नेते झाले आणि १९९४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वापोचे नेते आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमांविरुद्ध उभे राहणारे एकमेव उमेदवार होते. विलीनीकरणाच्या वेळी कॅप्रीव्हीला स्वतःचा निर्णय घेण्याचा हक्क राहील असं ठरलं होतं, असा फुटीरवाद्यांचा दावा. स्वापोनं तो कधीच मानला नाही.

१९९८ मध्ये कॅप्रीव्हीचा वेगळा देश करण्याचा कट उघडकीला आला. मुयोंगो आणि माफ्वेंचे प्रमुख बोनिफेस मामिली सीमा ओलांडून बोट्स्वानात गेले. त्यांच्यामागोमाग महिन्याभरात नव्हे, पण काही महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत बहुसंख्य माफ्वे होते. मासुबिया या चळवळीपासून बव्हंशी लांब राहिले. कटिमाच्या जमिनीवर हक्क कोणाचा यावरून या दोन समाजांच्या प्रमुखांत जुनी चुरस होती, आणि वेगळ्या देशाच्या मागणीत ती मिसळलेली होती. हे नजरेआड करून या बंडाची गोष्ट सांगता येत नाही. ‘कॅप्रीव्ही विरुद्ध विंडहुक’ असा सरळ सामना तो नव्हता.

सोमवार, २ ऑगस्ट १९९९. पहाटे अपुऱ्या शस्त्रांनिशी बंडखोरांच्या टोळ्या गावात शिरल्या. पोलीस ठाणं, सरकारी रेडिओ केंद्र, गावाबाहेर म्पाचाच्या विमानतळावरचा लष्करी तळ, वेनेला नाका यांवर एकाच वेळी हल्ले झाले. यादी पुन्हा वाचून पाहावी. पोलीस, आवाज, विमान, सीमा. राजधानी या गावापर्यंत ज्या चार धाग्यांनी पोहोचत होती, त्याच चार जागा त्यांनी निवडल्या. काही तासांत उठाव मोडला. चौदाच्या आसपास माणसं मेली. आणीबाणी लागू झाली. संचारबंदी. घराघरांतून धरपकड.

इथून पुढचा भाग मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतो. तीनशेहून अधिक लोकांना पकडलं गेलं. मारहाण आणि छळाच्या कहाण्या मानवी हक्क संघटनांनी तेव्हाच नोंदवून ठेवल्या. शंभराहून अधिक जणांवर देशद्रोह, खून, खुनाचा प्रयत्न अशी कलमं लागली आणि सगळ्यांचा एकत्र खटला चालवायचं ठरलं. तो सुरू झाला २००३ मध्ये, ग्रूटफोंटेनला. कटिमाहून ते गाव साडेसातशे किलोमीटरहून लांब. मग खटला विंडहुकला गेला. आरोपीच्या आईला पोराचं तोंड पाहायचं तर आधी निम्मा, मग सगळा देश ओलांडायचा. २०१३ मध्ये ४३ जणांना पुराव्याअभावी सोडून दिलं गेलं. मुख्य निकाल लागला सप्टेंबर २०१५ मध्ये. तीस जण देशद्रोहाचे दोषी ठरले, उरलेल्यांतले बरेच सुटले. हल्ल्यापासून निकालापर्यंत सोळा वर्षं. तोवर वीसहून अधिक आरोपी कोठडीतच वारले होते.

सशस्त्र हल्ला झाला, माणसं मारली गेली, तर सरकारनं खटला चालवायलाच हवा, यात मला शंका नाही. पण ज्याच्यावर शेवटी काहीच सिद्ध झालं नाही त्याची चौदा-सोळा वर्षं गेली, हा त्या माणसावर झालेला अन्याय आहे. ‘राजधानीला आमची पर्वा नाही’ हे बंडखोरांचं म्हणणं होतं. कोर्टाच्या एकेका तारखेनं त्याला दुजोराच मिळत गेला.

त्या दिवसांत पश्चिमेकडूनही वाट बंद होत आली होती. डिसेंबर १९९९ मध्ये नामिबियानं अंगोलाच्या सैन्याला आपल्या भूमीवरून युनिटा या अंगोलातल्या बंडखोर संघटनेविरुद्ध लढू दिलं, आणि युनिटाच्या टोळ्या पट्ट्यात उतरल्या. जानेवारी २००० मध्ये हमरस्त्यावर फ्रेंच प्रवाशांच्या गाडीवर हल्ला झाला, त्यात तीन मुलं मारली गेली. त्यानंतर बागानी ते कोंगोला या टप्प्यात लष्कराच्या बंदोबस्तात, ठरल्या वेळी, गाड्यांचे तांडे सोडले जायचे. नेमका तोच रस्ता नुकताच डांबरी झाला होता. २००२ मध्ये युनिटाचा म्होरक्या साविंबी मारला गेला, अंगोलात शस्त्रसंधी झाली आणि वाट मोकळी झाली.

पूल

तोपर्यंत कटिमा आणि सेशेके यांच्यामध्ये फेरीबोट चालायची. ट्रक काठावर उभे, बोट येईल तेव्हा येईल, पाणी चढलं की खोळंबा. १३ मे २००४ रोजी नुजोमा आणि झांबियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी नऊशे मीटर लांबीच्या पुलाचं उद्घाटन केलं. पुलाला जर्मनीनं अर्थसाहाय्य केलं होतं.

या पुलानं काय केलं ते पाहण्यासाठी नकाशा उलटा धरावा लागतो. १८९० मध्ये अटलांटिककडून झांबेझीकडे जायला म्हणून पट्टा मागितला होता. आज झांबियाच्या कॉपरबेल्टचं आणि काँगोच्या काटांगाचं तांबं ट्रकमधून झांबेझी ओलांडतं, कटिमातून पश्चिमेला वळतं आणि अख्खा पट्टा पार करून वाल्विस बेच्या बंदरात उतरतं. परतीच्या ट्रकमधून वाहनं, इंधन, यंत्रं, मासळी आत जाते. हा व्यापारमार्ग वाल्विस बे–न्डोला–लुबुंबाशी म्हणून ओळखला जातो. चान्सलरसाहेबांच्या पट्ट्याला काम मिळालं, पण सव्वाशे वर्षांनी आणि उलट्या दिशेनं.

गाव बदललं. दक्षिण आफ्रिकी दुकानांच्या साखळ्या आल्या, झांबियातून खरेदीला माणसं येऊ लागली, खुल्या बाजारात दोन्ही देशांच्या नोटा फिरू लागल्या. बँका, लॉज, ट्रकतळ. झांबियातून तोडलेलं मौल्यवान मुकुला लाकूडही याच वाटेनं बंदराकडे गेलं, आणि त्यातलं किती रीतसर होतं हा वेगळा वादाचा विषय झाला.

ट्रकबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि तिच्याबद्दल गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही. चालक नाक्यावर कागदांसाठी दिवस-दिवस अडकून पडतात. गावात तरुण मुली आहेत ज्यांना दुसरं काम नाही. २०१२ च्या पाहणीत नामिबियात तपासलेल्या गरोदर स्त्रियांपैकी १८.२ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. कटिमाच्या रुग्णालयात हे प्रमाण ३७.७ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. औषधोपचार पुढे खूप सुधारले आणि नामिबियानं त्यात उल्लेखनीय काम केलं आहे. पण तीनातल्या एकीहून जास्त, हा आकडा एका पिढीच्या अंगावरून गेला. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या या जिल्ह्यात इतक्या का आहेत, याचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

विजेचीही गोष्ट अशीच. कित्येक वर्षं कटिमाचे दिवे झांबियाच्या विजेवर लागत. २०१० मध्ये ‘कॅप्रीव्ही लिंक’ नावाची ९५० किलोमीटरची उच्च दाबाची एकदिश वाहिनी सुरू झाली आणि गावाजवळच्या केंद्रातून नामिबियाचं जाळं झांबियाच्या जाळ्याला जोडलं गेलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर वीस वर्षांनी हे गाव स्वतःच्या देशाच्या तारांना जोडलं गेलं, आणि तेही शेजाऱ्याशी जोडणी करायची होती म्हणून.

गुरं आणि हत्ती

या भागात माणसाची ऐपत गुरांवर मोजतात. लग्नात गुरं, आजारपणात विकायला गुरं, नांगराला गुरं. पण नामिबियात आडवं एक तारेचं पशुवैद्यकीय कुंपण आहे. त्याच्या दक्षिणेचं मांस युरोपला जातं, चांगला भाव घेतं. उत्तरेच्या गुरांना ते कुंपण ओलांडता येत नाही. त्यातही झांबेझीचा हा भाग सर्वांत जोखमीचा मानतात, कारण इथल्या रानम्हशींच्या कळपांत लाळ्या-खुरकूतचे विषाणू कायम असतात. गुरांत साथ आली की वाहतूक बंद, बाजार बंद, कत्तलखाना बंद. गोठ्यात शंभर जनावरं असलेला माणूस पोराची फी भरायला उसने पैसे मागतो, हे इथं नवल नाही.

आणि त्याच रानम्हशी, तेच हत्ती पाहायला परदेशी पर्यटक येतात. मुदुमु, न्कासा रुपारा आणि पश्चिमेचं ब्वाब्वाटा ही राष्ट्रीय उद्यानं इथंच आहेत. १९९६ च्या कायद्यानं गावांना आपल्या परिसरातल्या वन्यजीवांवर हक्क आणि उत्पन्नात वाटा मिळाला. १९९८ मध्ये नोंदलेलं सालांबाला हे देशातल्या अगदी पहिल्या अशा संवर्धनक्षेत्रांपैकी. योजना चांगली आहे, आणि तिनं काही गावांत शाळा-विहिरी झाल्या, रोजगार मिळाला. पण हिशेब ज्याच्या शेतात हत्ती शिरला त्याच्या बाजूनं करून पाहावा. वर्षाचा मका एका रात्रीत जातो. लॉजच्या उत्पन्नातला वाटा सगळ्या गावाचा असतो, नुकसान एकट्याचं. भरपाईची रक्कम मिळते, पण पोत्यातल्या मक्याच्या बदल्यात ती अपुरीच असते. विंडहुकमध्ये, किंवा युरोपात बसून ‘सहजीवन’ हा शब्द फार गोड लागतो. रात्रभर डबे वाजवत शेत राखणाऱ्याला तो शब्द तितका गोड लागत नसणार.

चोबेवरचं बेट

बंडाच्या चार महिन्यांनी, १३ डिसेंबर १९९९ रोजी, याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लागला. बोट्स्वानाच्या सीमेवरच्या चोबे नदीत साडेतीन चौरस किलोमीटरचं एक बेट आहे. नामिबियात त्याला कासिकिली म्हणतात, बोट्स्वानात सेडुडु. वर्षातले काही महिने ते पाण्याखाली असतं. मासुबिया पाणी ओसरल्यावर तिथं पेरणी करत आले होते. १८९० च्या तहात सीमा ‘मुख्य प्रवाहाच्या मध्यातून’ जाते असं लिहिलं आहे. बेटाच्या उत्तरेचा प्रवाह मुख्य की दक्षिणेचा, एवढ्यावर सगळा खटला. न्यायालयानं ११ विरुद्ध ४ मतांनी उत्तरेचा मुख्य ठरवला आणि बेट बोट्स्वानाला गेलं. दोन्ही देशांनी निकाल मानला, आणि हे मोठंच म्हणायला हवं. पण ज्यांचे आजोबा तिथं मका पेरत होते, त्यांना बर्लिन-लंडनच्या शंभर वर्षांपूर्वीच्या एका शब्दामुळे परक्याच्या रानाकडे पाहत राहावं लागलं.

नोव्हेंबर २०२० मध्ये चोबेवर रात्री मासेमारी करणाऱ्या चौघांना बोट्स्वानाच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. तिघे सख्खे भाऊ नामिबियाचे, चौथा त्यांचा भाऊबंद पलीकडच्या झांबियाचा. सैन्याचं म्हणणं, ते शिकारी होते. घरच्यांचं आणि गावाचं म्हणणं, ते मासे धरत होते. थोड्याच दिवसांत त्या तिघांची आईही गेली. विंडहुकपर्यंत मोर्चे निघाले. त्या डोंग्यात बसलेल्या चौघांची कागदपत्रं दोन देशांची होती, नदी तिसऱ्याच्या सीमेवरची, आणि रात्रीच्या अंधारात पाण्यावर रेघ कुठे असते ते दिवसाही कोणाला दाखवता येत नाही. या भागात ‘सीमा’ म्हणजे काय, हे मला त्या एका डोंग्याइतकं दुसऱ्या कशानंच कळलेलं नाही.

परतणारे

१९९८-९९ मध्ये गेलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या काही वर्षांत परतले. उरलेले बोट्स्वानातल्या डुक्वीच्या छावणीत राहिले. मुयोंगोंना १९९९ मध्येच डेन्मार्कनं आश्रय दिला. बाकीच्यांना डेन्मार्क नव्हता. छावणीत लग्नं झाली, मुलं झाली, ती सेट्स्वाना शिकत मोठी झाली.

ऑगस्ट २०१३ मध्ये नामिबियानं कॅप्रीव्ही हे वसाहतीचं नाव पुसून प्रांताचं नाव ‘झांबेझी’ केलं. शुकमान्सबुर्गचं लुहोनोनो झालं. जर्मन चान्सलरचं नाव गेलं याचं वाईट कोणाला वाटावं? पण फुटीरवाद्यांनी तेच नाव आपल्या स्वप्नातल्या देशाला दिलं होतं, त्यामुळे पाटी बदलताना एका बाजूला वसाहतवाद पुसला जात होता आणि दुसऱ्या बाजूला त्यांची मागणीही.

२०१५ च्या अखेरीस बोट्स्वानानं या लोकांचा निर्वासित दर्जा काढून घेतला. बरीच वर्षं कोर्टबाजी झाली. २०१९ मध्ये मागे राहिलेल्यांना परत पाठवलं गेलं. त्यांच्यातली वीस वर्षांची मुलं-मुली या गावात पहिल्यांदाच उतरत होती. आईबापांनी ज्या कॅप्रीव्हीच्या गोष्टी सांगितल्या ती कुठल्या पाटीवर नव्हती. विंडहुकशी जुळलेलं घड्याळ आता वर्षभर एकच होतं, वेनेलाच्या नाक्यावर तांब्याचे ट्रक ओळीनं उभे होते, आणि पुलाच्या पलीकडे सेशेकेत आपले कोण कोण राहतात हे आधी शोधायचं होतं.